ग्लो साइन बोर्डाचा रंग उन्हात कसा टिकवावा

दिवाळी जवळ आली की इंदुरातले दुकानदार नवे बोर्ड करायला घेतात, आणि त्या दिवसांत आमच्या कारखान्यात सर्वांत जास्त वेळा कानावर पडणारी तक्रार एकच असते: मागचा बोर्ड लावला तेव्हा लालभडक होता, दोन उन्हाळ्यांत गुलाबी पडला, या वेळी तसे होता कामा नये. तक्रार अगदी रास्त आहे. आतून दिवे लावलेला बोर्ड, ज्याला बाजारात सगळे ग्लो साइन बोर्ड म्हणतात, हा साध्या बोर्डापेक्षा बराच खर्चाचा असतो. त्यात लोखंडी फ्रेम येते, एलईडी आणि वायरिंग येते, चढवण्याची मजुरी येते, आणि एवढे सगळे ज्या नावासाठी आणि ज्या चित्रासाठी केले तेच फिके पडले तर बाकीचे शाबूत राहून काही उपयोग नसतो. छापलेला रंग उन्हात मुळीच उतरणार नाही अशी हमी कोणीही देऊ शकत नाही. पण तो किती सावकाश उतरावा हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात असते, आणि त्यातले जवळजवळ सगळे निर्णय बोर्ड भिंतीवर चढण्यापूर्वीच घेतलेले असतात: भिंत कोणत्या दिशेची, शाई कोणती, शीट कोणती, आणि डिझाइनमध्ये कोणता रंग कशातून बनवला. या निर्णयांविषयी ग्राहक, डिझायनर आणि छापणारा हे तिघे आधी एकत्र बोलत नाहीत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी एक समज दूर करायला हवा. आतल्या दिव्यांमुळे रंग जळतो, असे बहुतेक ग्राहकांना वाटते. हा समज ट्यूबलाइटच्या काळापासून चालत आलेला आहे आणि त्यात थोडे तथ्यही आहे, त्याविषयी पुढे लिहिले आहे. परंतु रस्त्यावरच्या बोर्डाच्या बाबतीत मुख्य कारण बाहेरचे ऊन हेच असते, आणि याचा पुरावा कोणत्याही जुन्या बोर्डावर नुसत्या डोळ्यांनी पाहता येतो. राजवाड्याच्या बाजूला एका कापड दुकानाचा फ्लेक्सचा जुना बोर्ड उतरवून आम्ही ओट्यावर आडवा ठेवला, तेव्हा त्याच्या वरच्या कडेपासून वीतभर रुंदीचा पट्टा जवळजवळ नव्यासारखा लाल होता, त्याखाली एक पुसट सीमारेषा होती, आणि तिच्या खालचा सगळा भाग फिक्या गुलाबीकडे झुकलेला होता. दुकानाचे वयस्क मालक म्हणाले, "अहो, आतल्या ट्यूबा मधूनमधून बंद पडायच्या, म्हणून तेवढा भाग वाचला असेल." मी त्यांना म्हटले, "काका, ट्यूबा उभ्या होत्या, वरपासून खालपर्यंत सारख्याच. वरचा पट्टा छज्ज्याच्या सावलीत होता." त्यांनी मान वर करून छज्ज्याकडे पाहिले, मग पुन्हा बोर्डाकडे पाहिले, आणि छज्जा आणखी किती पुढे काढता येईल हेच नव्या बोर्डाविषयी पहिल्यांदा विचारले.

दुसरा पुरावा भिंतीपासून काटकोनात रस्त्यावर काढलेल्या दुहेरी बोर्डाचा आहे. औषधांच्या दुकानांना असे बोर्ड हमखास असतात. त्याच्या दोन्ही तोंडांच्या मधोमध एकच दिवे असतात, दोन्ही फ्लेक्स एकाच मशीनवर एका पाठोपाठ छापलेले असतात, आणि तरीही दक्षिणोत्तर जाणाऱ्या रस्त्यावर दक्षिणेकडे तोंड असलेली बाजू उत्तरेकडच्या बाजूच्या कितीतरी आधी विटते. दोन बाजूंत फरक असतो तो फक्त उन्हाचा.

सूर्याची जी ऊर्जा जमिनीपर्यंत पोहोचते तिच्यात अतिनील किरणांचा वाटा साधारण ५ टक्क्यांच्या आसपासच असतो, पण रंग बिघडवण्यात त्यांचा वाटा त्या मानाने फार मोठा असतो. सुमारे ४०० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीच्या या किरणांत इतकी ऊर्जा असते की त्यांच्यामुळे रंगद्रव्याच्या रेणूंमधले बंध तुटतात. ज्या रचनेमुळे तो रेणू ठरावीक प्रकाश शोषून घेतो आणि आपल्याला लाल किंवा पिवळा दिसतो, ती रचनाच मोडली की रंग नाहीसा होतो. हवेतला प्राणवायू आणि दमटपणा या मोडतोडीला हातभार लावतात, आणि उष्णता तिचा वेग वाढवते. दृश्य प्रकाशही अगदी निरुपद्रवी नसतो, विशेषतः त्यातला जांभळा आणि निळा भाग, आणि म्हणूनच अतिनील किरण अडवणारी कितीही चांगली फिल्म लावली तरी रंग उतरणे मंदावते, थांबत नाही. विक्रेता जर "यूव्ही फिल्म लावली, आता काळजी नाही" असे सांगत असेल तर त्याचे म्हणणे अर्धेच खरे आहे.

छपाईच्या चार रंगांची सहनशक्ती मात्र सारखी नसते, आणि या एका गोष्टीतून पुढच्या बऱ्याचशा गोष्टी उलगडतात. सायन, म्हणजे निळा, बहुधा थॅलोसायनिन जातीच्या रंगद्रव्यापासून बनतो आणि ते अतिशय टणक असते. काळा रंग कार्बन ब्लॅकचा, म्हणजे एक प्रकारच्या काजळीचा असतो आणि तो उन्हाला दाद देत नाही. मॅजेंटा, म्हणजे गडद गुलाबी, आणि पिवळा हे दोन रंग कमकुवत ठरतात. मॅजेंटामध्ये क्विनॅक्रिडोन जातीचे रंगद्रव्य वापरले असेल तर ते चांगले टिकते, पण स्वस्त शाईत त्याऐवजी हलकी रंगद्रव्ये येतात; पिवळ्यातही स्वस्त डायअरिलाइड जातीची रंगद्रव्ये उन्हात लवकर उतरतात. शहरातले जुने बोर्ड निळसर, आजारी दिसतात ते यामुळेच: चित्रातला पिवळा आणि मॅजेंटा निघून गेलेला असतो आणि मागे सायन आणि काळा उरलेला असतो. पोहे-जिलेबीच्या दुकानांवरचे फोटो पाहावेत. पोह्यांचा पिवळा आणि जिलेबीचा केशरी रंग गेलेला असतो, कोथिंबीर हिरव्याऐवजी निळी झालेली असते, आणि बशीची छाया मात्र जशीच्या तशी काळी राहिलेली असते. माणसांच्या चेहऱ्यांचे तर त्याहून वाईट होते, कारण त्वचेचा रंग मॅजेंटा आणि पिवळ्याच्या हलक्या ठिपक्यांतून बनतो. तेथे मुळातच शाई कमी असते, म्हणून तिच्यातला थोडासा अंश गेला तरी चेहरा ओळखू येईनासा होतो. गडद रंगात शाईचा थर जाड असतो आणि वरचा थर खालच्या थराला काही काळ राखतो. फिक्या छटांना असा आधार नसतो.

आपल्याकडे दुकानाच्या नावासाठी लाल, भगवा आणि केशरी रंगांना मागणी असते. नेमके हेच रंग केवळ मॅजेंटा आणि पिवळा यांच्या मिश्रणातून छापले जातात, म्हणजे जे दोन रंग सर्वांत आधी जाणार त्यांच्यावरच सगळा भार असतो. ग्राहकाला भगवा नको म्हणणे हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही; नावाचा रंग दुकानाच्या ओळखीचा असतो आणि तो बदलायला सांगण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. उपाय असा आहे की असा एकसलग रंग छापूच नये. रंगीत पारभासक विनाइल, म्हणजे जे कारखान्यातच मुळात लाल किंवा केशरी बनून येते आणि ज्यातून प्रकाश आरपार जातो, ते प्लॉटरवर कापून पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकवर चिकटवावे. या विनाइलमध्ये रंगद्रव्य संपूर्ण जाडीत मिसळलेले असते, छपाईसारखा पृष्ठभागावरचा काही मायक्रॉनचा थर नसतो, आणि ते बाहेरच्या वापरासाठीच निवडलेले असते, त्यामुळे छापलेल्या लालापेक्षा ते पुष्कळ अधिक टिकते. त्याहून टिकाऊ हवे असेल तर रंगीत अ‍ॅक्रिलिकचीच अक्षरे कापावीत. छपाई फक्त फोटोसाठी आणि रंगांच्या चढउतारासाठी राखून ठेवावी. माझे तर आग्रहाचे सांगणे असे आहे की ज्या बोर्डावर नुसते नाव, पत्ता आणि एखादे चिन्ह आहे, त्या बोर्डाला छपाईची गरजच नसते. छापणे स्वस्त आणि झटपट होते म्हणून आपण सगळेच छापू लागलो आहोत, आणि फिक्या बोर्डांच्या तक्रारींतला मोठा भाग या एका सवयीतून येतो.

फोटो छापणे भागच असेल तर डिझायनरने राखाडी आणि तपकिरी छटांचा गडदपणा तीन रंगांच्या मिश्रणातून बनवण्याऐवजी शक्य तेवढा काळ्या शाईकडून घ्यावा. तीन रंगांतून बनलेला राखाडी रंग पिवळा आणि मॅजेंटा उतरताच निळा पडतो. काळ्यातून बनलेला राखाडी रंग राखाडीच राहतो. संगणकावर हा बदल रंगविभाजनाच्या एका मांडणीत होतो आणि त्याला वेगळा खर्च येत नाही.

आतून प्रकाश येणाऱ्या बोर्डाची एक अडचण रंग उतरण्याशी नेहमी गल्लत करून पाहिली जाते, म्हणून ती येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. दिवसा आपण बोर्ड पाहतो तेव्हा बाहेरचा प्रकाश शाईच्या थरातून आत जातो, मागच्या पांढऱ्या पृष्ठभागावर आपटतो आणि पुन्हा त्याच थरातून बाहेर येतो, म्हणजे शाईतून दोनदा जातो. रात्री आतला प्रकाश शाईतून एकदाच जातो. त्यामुळे साध्या बोर्डासाठी पुरेशी असलेली शाई बॅकलिट, म्हणजे मागून उजळणाऱ्या, फ्लेक्सवर वापरली तर दिवसा सुंदर दिसणारा बोर्ड पहिल्याच रात्री धुवून काढल्यासारखा दिसतो. ग्राहकाला वाटते रंग खराब आहे. वास्तविक शाई अर्धी आहे. बॅकलिट छपाईत शाईची घनता जवळजवळ दुप्पट करावी लागते, त्यासाठी पास, म्हणजे त्याच जागेवरून होणाऱ्या छपाईच्या फेऱ्या, वाढवून सावकाश छापावे लागते, किंवा शीटच्या दोन्ही बाजूंना बरोबर एकावर एक बसेल अशी छपाई करावी लागते. या दाट छपाईचा रंग टिकण्याच्या दृष्टीनेही फायदा असतो, कारण झिजण्यासाठी मुळात अधिक रंगद्रव्य हाताशी असते. जे दुकानदार चौरस फुटामागे चार-पाच रुपये कमी करण्यासाठी घासाघीस करतात त्यांना बहुधा कमी पासात छापलेला बोर्ड मिळतो, आणि तो रात्रीही फिका दिसतो व लवकर विटतोही. दुसऱ्या टोकाचा दोषही असतो: सॉल्व्हंट, म्हणजे द्रावकातली, शाई गरजेपेक्षा जास्त ओतली तर ती आतून वाळत नाही, पृष्ठभाग चिकट राहतो, आणि मे महिन्यातल्या धुळीचा प्रत्येक कण त्यावर बसून राहतो.

शाईची निवड करताना बाटलीवरच्या नावापेक्षा ती शाई रंगद्रव्याची आहे की विरघळणाऱ्या रंगाची, हे पहिल्यांदा पाहावे. पाण्यात विरघळणाऱ्या रंगाच्या शाईची छपाई दुकानाच्या आत फार चमकदार दिसते, परंतु उन्हात तिचा टिकाव लागत नाही. बाहेरच्या बोर्डासाठी रंगद्रव्याची शाईच हवी. सॉल्व्हंट आणि इको सॉल्व्हंट शाई पीव्हीसीच्या पृष्ठभागात थोडी भिनते, म्हणून फ्लेक्स आणि विनाइलवर ती चांगली धरते. यूव्ही दिव्याखाली वाळणारी शाई अ‍ॅक्रिलिकसारख्या कडक शीटवर उत्तम बसते, पण ताणून गुंडाळायच्या फ्लेक्सवर घडीच्या जागी ती तडकू शकते. येथे एक खुलासा करायला हवा, कारण नावामुळे अनेकांची समजूत चुकीची होते: यूव्ही प्रिंट म्हणजे यूव्ही किरणांनी वाळवलेली छपाई, ती यूव्ही किरणांपासून सुरक्षित आहेच असा त्याचा अर्थ नाही. तिचा टिकाऊपणाही शेवटी तिच्यातल्या रंगद्रव्यावरच ठरतो.

पुरवठादाराकडे शाईचे माहितीपत्रक मागावे आणि त्यात प्रकाशसहनशीलतेचा आकडा पाहावा. तो बहुधा ब्लू वूल मापावर दिलेला असतो. या मापात निळ्या लोकरीच्या ८ पट्ट्या असतात, १ क्रमांकाची सर्वांत लवकर विटणारी आणि ८ क्रमांकाची सर्वांत उशिरा, आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या साधारण दुप्पट टिकते. म्हणजे ५ आणि ७ हे आकडे कागदावर जवळजवळचे वाटले तरी त्यांत साधारण चौपटीचा फरक असतो. चारही रंगांचे आकडे वेगवेगळे पाहावेत; सायनचा ८ दाखवून मॅजेंटाचा आकडा न सांगणाऱ्या पुरवठादाराकडून शाई घेऊ नये. "आउटडोअर ५ वर्षे" अशी ओळ छापलेली असेल तर तिच्याखालच्या अटी वाचाव्यात. असे दावे सहसा उभ्या भिंतीवर लावलेल्या छपाईसाठी आणि सौम्य हवामान गृहीत धरून केलेले असतात, आणि आडव्या किंवा तिरप्या पृष्ठभागासाठी व उष्ण प्रदेशासाठी तोच कालावधी बराच कमी धरायचा असतो. म्हणूनच पुढे झुकवून लावलेला बोर्ड आणि आभाळाकडे तोंड करून लावलेला बोर्ड यांच्यातला फरक एक-दोन उन्हाळ्यांत उघड होतो.

छपाईवर लॅमिनेशन करावे, हे सर्वांना माहीत असते. ते कसे करावे याकडे मात्र दुर्लक्ष होते. अतिनील किरण शोषणारी द्रव्ये मिसळलेली पारदर्शक फिल्म किंवा द्रव क्लिअर कोट हे दोन मार्ग आहेत. साधी स्वस्त फिल्म ओरखड्यांपासून आणि धुळीपासून वाचवते, पण तिच्यात ती शोषक द्रव्ये असतीलच असे नाही, त्यामुळे विकत घेतानाच तसे लेखी विचारावे. शोषक द्रव्येही हळूहळू खर्च होत असतात, म्हणून फिल्मलाही आयुष्य असते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सॉल्व्हंट छपाई झाल्यावर किमान २४ तास, आणि शाईचा थर दाट असेल तर त्याहून जास्त, ती मोकळ्या हवेत उलगडून ठेवायला हवी. बॅकलिट छपाईत शाई दुप्पट असल्याने ही वाट पाहणे अधिकच गरजेचे असते. दिवाळीच्या गर्दीत सकाळी छापलेला रोल दुपारी लॅमिनेट होतो, अडकलेल्या द्रावकाला बाहेर पडायला वाट मिळत नाही, तो गोंद मऊ करतो, आणि काही महिन्यांत कडा उचलल्या जातात. एकदा कड उचलली की तेथून पाणी आणि धूळ आत शिरते आणि लॅमिनेशनचा खर्च वाया जातो. ग्राहकाने ऑर्डर देताना दोन दिवस जास्त दिले तर त्याच्या बोर्डाचे आयुष्य वाढते.

अ‍ॅक्रिलिकचा बोर्ड असेल तर उलटी छपाई हा मला सर्वांत समाधानकारक वाटणारा मार्ग आहे. पारदर्शक शीटच्या मागच्या बाजूला आरशातल्यासारखे उलटे चित्र छापायचे, त्यावर प्रकाश पसरवणारा पांढऱ्या शाईचा थर द्यायचा, आणि गुळगुळीत बाजू रस्त्याकडे ठेवायची. शाई पूर्ण शीटच्या आड जाते, पाऊस, फडका आणि वाळू यांचा तिला स्पर्शही होत नाही. मात्र अ‍ॅक्रिलिक स्वतः उन्हात चांगले टिकते याचा अर्थ ते मागच्या शाईला अतिनील किरणांपासून वाचवते असा होत नाही. साध्या शीटमधून त्या किरणांचा बराच भाग आरपार जाऊ शकतो. ते अडवणारी वेगळी ग्रेड मिळते आणि उलट्या छपाईसाठी तीच घ्यावी. पॉलिकार्बोनेटचे शीट दगडाला दाद देत नाही, पण उन्हाच्या बाजूला यूव्हीरोधक थर नसेल तर ते स्वतःच पिवळे पडते. तो थर बहुतेक शीटांना एकाच बाजूला असतो आणि त्या बाजूच्या कागदावर तसे छापलेले असते. फिटिंग करणारा मुलगा तो कागद आधीच सोलून टाकतो आणि मग शीट कोणत्या बाजूने बसवायची हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून कागद सोलण्यापूर्वी कोपऱ्यात पेन्सिलीने खूण करून ठेवावी.

आता भिंतीविषयी, कारण इंदुरात हा विषय थोडा वेगळा आहे. आपले शहर २२.७ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात सूर्य मध्याह्नी बरोबर डोक्यावर येतो, जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा येतो, आणि मधले काही आठवडे तो मध्याह्नी डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. उज्जैनच्या वेधशाळेत २१ जूनच्या सुमारास दुपारी सावली नाहीशी झालेली पाहायला लोक जातात, ते याच कारणाने. बोर्डाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की भर उन्हाळ्यात दक्षिणेकडच्या भिंतीला दुपारचे ऊन जवळजवळ लागतच नाही. तिला खरे ऊन लागते हिवाळ्यात. २१ डिसेंबरला मध्याह्नीचा सूर्य क्षितिजापासून साधारण ४४ अंशांवर असतो, आणि त्या वेळी १ फूट पुढे आलेला छज्जा आपल्याखाली जेमतेम १ फुटावर सावली देतो. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी तोच छज्जा २ फुटांहून अधिक सावली देतो. म्हणजे दक्षिणाभिमुख दुकानाचा बोर्ड ३ फूट उंच असेल तर १ फुटाच्या छज्ज्याने हिवाळ्यात बोर्डाचा फार तर वरचा तिसरा हिस्सा झाकला जाईल आणि बाकीचा उघडा राहील. छज्जा २ फूट काढला किंवा बोर्ड थोडा वर, छज्ज्याला लागून बसवला, तर बराच फरक पडतो.

पश्चिमेच्या भिंतीला हा हिशेब उपयोगी पडत नाही. दुपारी चारनंतर सूर्य खाली येतो आणि किरण छज्ज्याच्या खालून सरळ बोर्डावर पडतात. छज्जा कितीही पुढे काढला तरी ते अडत नाहीत. शिवाय त्याच वेळी हवा दिवसातली सर्वांत तापलेली असते, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांवर गेलेला असताना बंद पेटीच्या आत त्याहून कितीतरी जास्त तापते. पश्चिमाभिमुख दुकानासाठी मी छापलेला फ्लेक्स सुचवतच नाही. रंगीत अ‍ॅक्रिलिकची अक्षरे आणि फोटोविरहित मांडणी हाच तेथे योग्य मार्ग आहे. पूर्वेच्या भिंतीला ऊन तेवढेच लागते, पण सकाळच्या थंड हवेत, म्हणून तिची स्थिती थोडी बरी असते. उत्तरेची भिंत सर्वांत सुखाची, तरी उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन तिलाही लागते.

आतल्या दिव्यांकडे आता येतो. फ्लुरोसंट ट्यूबमधून थोडे अतिनील किरण बाहेर पडतात आणि तिचा चोक गरम होतो, म्हणून जुन्या समजात तथ्य होते. पांढऱ्या एलईडीतून अतिनील किरण जवळजवळ येतच नाहीत, आणि ट्यूब काढून एलईडी मॉड्यूल, म्हणजे एलईडींचे छोटे तयार संच, बसवणे त्या दृष्टीने लाभाचेच आहे. जेथे ऊन येतच नाही अशा ठिकाणी, म्हणजे मॉलच्या आत, रुग्णालयाच्या मार्गिकेत किंवा सराफ्यातल्या पेढीच्या भिंतीवर, मात्र दिवाच मुख्य कारण ठरतो, कारण तेथील ट्रान्सलाइट, म्हणजे मागून दिवा लावलेली छापील चित्रे, सकाळपासून रात्रीपर्यंत पेटलेले असतात आणि रंगाचे नुकसान प्रकाशाची तीव्रता व तास यांच्या गुणाकाराप्रमाणे साठत जाते. तेथे दुकान बंद होताच दिवा बंद होईल अशी व्यवस्था करणे आणि गरजेपेक्षा तेज दिवे न लावणे हेच उपाय आहेत. दुकानाच्या दर्शनी काचेला लागून ठेवलेल्या ट्रान्सलाइटला सावलीतला समजू नये. साधी काच अतिनील किरणांचा एक भाग अडवते, पण त्यातला लांब तरंगलांबीचा मोठा भाग आत येऊ देते, आणि काचेआडचे पडदे विटतात ते त्यामुळेच.

बाहेरच्या बोर्डाला टायमरपेक्षा प्रकाशसंवेदी स्विच लावावा. इंदुरात जूनमध्ये सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो आणि डिसेंबरमध्ये पावणेसहाच्या सुमारास, आणि टायमरची वेळ ऋतूप्रमाणे बदलण्याची आठवण कोणालाही राहत नाही. परिणामी उन्हाळ्यात तासभर दिवे उजेडातच जळतात आणि आधीच तापलेल्या पेटीत आणखी उष्णता घालतात. पेटीच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी आणि वरच्या बाजूला पावसापासून आडोसा ठेवून हवा खेळण्यासाठी भोके ठेवावीत, आणि त्यांना बारीक जाळी लावावी, नाहीतर पावसाळ्यात किड्यांचा थर आतल्या बाजूने प्रकाश अडवतो. मॉड्यूलमधले अंतर पेटीच्या खोलीपेक्षा जास्त ठेवू नये. जास्त ठेवले की प्रकाशाचे ठिपके दिसतात, ठिपक्यांवर रंग पांढुरका आणि मध्ये गडद वाटतो, आणि पाहणाऱ्याला बोर्ड डागाळून विटल्याचा भास होतो.

असाच भास एलईडी जुने झाले की होतो. एलईडीचे आयुष्य बहुधा मूळ प्रकाशाच्या ७० टक्के प्रकाश उरेपर्यंत मोजलेले असते, म्हणजे ते अचानक बंद न पडता वर्षानुवर्षे मंद होत जातात. बोर्ड रात्री मळकट दिसत असेल आणि दिवसा ठीक दिसत असेल तर दिवे तपासावेत. दिवसाही फिका दिसत असेल तर रंग गेला आहे. मॉड्यूल बदलायचे झाल्यास सगळे एकदम बदलावेत, कारण जुन्या-नव्यांची सरमिसळ केली की बोर्डावर पट्टे उमटतात.

सफाईविषयी थोडेच लिहायचे आहे, पण ते महत्त्वाचे आहे. सराफ्यात दिवसा दागिन्यांच्या पेढ्या चालतात आणि रात्री त्यांच्याच समोर कढया चढतात. तेथल्या बोर्डांवर तेलाच्या धुराचा एक पिवळसर थर बसतो आणि तो काढण्यासाठी लोक थिनर किंवा पेट्रोलचा फडका फिरवतात. सॉल्व्हंट शाई थिनरने पुसली जाते, एवढे सांगितले तरी पुरे. काच पुसण्याचे अमोनियायुक्त द्रवही अ‍ॅक्रिलिकवर वापरू नये, त्याने कालांतराने बारीक तडे उमटू शकतात. सौम्य साबणाचे पाणी, मऊ कापड, आणि त्याआधी नुसत्या पाण्याने धूळ वाहून जाऊ देणे, एवढे पुरेसे आहे. कोरड्या फडक्याने धूळ झटकली की तीच धूळ पॉलिश कागदाचे काम करते. वर्षातून दोनदा, पावसाळा संपल्यावर आणि होळीनंतर, बोर्ड धुवावा, आणि त्यापूर्वी वीजजोडणी बंद करावी.

छापणाऱ्या मित्रांना एक विनंती आहे. नव्या शाईचा डबा आला की चारही रंगांचे, आणि लाल, भगवा व त्वचेच्या छटांचे चौकोन एका पट्टीवर गडद ते फिके असे छापावेत, तिचा अर्धा भाग ॲल्युमिनियमच्या फॉइलने झाकावा आणि ती पश्चिमेकडे तोंड करून कारखान्याच्या गच्चीवर उभी लावावी. वैशाखात लावलेली पट्टी दिवाळीच्या आधी उघडली की झाकलेला आणि उघडा भाग शेजारी-शेजारी दिसतात, आणि कोणता रंग किती गेला हे पुरवठादाराला दाखवण्यासाठी दुसऱ्या कोणत्याही कागदाची गरज राहत नाही. त्याच्या जोडीला प्रत्येक बोर्डाच्या पेटीत आतल्या बाजूला एक स्टिकर लावावा आणि त्यावर बसवल्याची तारीख, शाई, शीट, लॅमिनेशन, मॉड्यूल आणि भिंतीची दिशा लिहावी. बोर्ड दुरुस्तीला किंवा बदलायला उघडणारा कारागीर वेगळा असला तरी त्याला तेथे सगळे मिळते, आणि ग्राहकाशी होणारे बोलणे अंदाजावरून न होता त्या नोंदीवरून होते.